डब्यात ठेवलेला फोन

फुकट म्हटलं की मला आधी संशय येतो. लहानपणापासूनचा स्वभाव आहे, त्याला आता इलाज नाही. तालुक्याच्या मीटिंगमध्ये सुपरवायझर मॅडमनी पाकिटातून एकेक सिम काढून वाटायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, "याचं रिचार्ज सरकार करणार, तुम्ही फक्त आपल्या फोनमध्ये घालायचं." बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी सिम उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघत बसले. बघून काय कळणार होतं ते देवालाच ठाऊक, पण बघितल्याशिवाय मला राहवलं नाही.

मी अंगणवाडी सेविका. युसूफ वडगावच्या बाजाराला जाणाऱ्या गावांतलंच एक आमचं गाव. त्याआधी ऑफिसनं आम्हाला फोनच दिले होते. ते इतके तापायचे की पदराच्या टोकानं धरावे लागायचे, आणि पोराचं वजन भरता भरता मध्येच बंद पडायचे. शेवटी वैतागून आम्ही सगळ्याजणींनी ते परत नेऊन दिले. मग हा नवा मार्ग निघाला, की फोन तुमचा आणि सिम आमचं. शेजारच्या गावची सेविका म्हणाली, "बरं झालं की बाई, महिन्याचं रिचार्ज वाचलं." मी तिला म्हणाले, "अगं, घर आपलं आणि भाडेकरू सरकार. भाडेकरू घरात काय काय उचकणार, तुला काय माहीत?" ती हसली. मी गंमत म्हणून बोलले नव्हते.

कारण तो फोन माझा होता. मी स्वतः वाढवलेले दोन बोकड विकून तो घेतला होता. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी मालकांची आणि मग माझी. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात, त्यातच सगळं आलं. पण फोनवर त्यांचा हक्क नव्हता. फक्त एक गोष्ट मी पाळली होती. फोनला लॉक लावलं नव्हतं. बाईच्या फोनला लॉक दिसलं की घरातल्यांच्या डोक्यात नाही नाही ते येतं, आणि मग प्रत्येक रिंगला खुलासा द्यावा लागतो. त्यापेक्षा उघडा ठेवलेला बरा, असा माझा हिशोब.

सिम घातलं, वजन-उंची भरायचं अ‍ॅप टाकलं, तर ते आधी परवानग्या मागायला लागलं. लोकेशनला द्या, कॅमेऱ्याला द्या, माइकला द्या. 'नको' दाबलं की पुढं सरकतच नव्हतं. मी मॅडमना फोन लावून विचारलं, "मॅडम, पोराचं वजन करायला माइक कशाला लागतो?" मॅडम म्हणाल्या, "करा हो ताई अलाऊ, सगळ्या करतायत. तुम्हालाच बरे प्रश्न पडतात." मी अलाऊ केलं. पण त्या दिवसापासून घरात भांडण काढायचं असलं की मी फोन उशीखाली घालायची आणि मगच तोंड उघडायची.

मालकांनी तर खेळच मांडला. जेवायला बसले की फोनला हात जोडून "रामराम सायब, जेवण झालं का?" म्हणायचे. सोयाबीनच्या भावावरून सरकारला शिव्या द्यायच्या असल्या की डोक्यावरची टोपी काढून फोनवर पालथी घालायचे. मी चिडायची, ते आणखी हसायचे. पण टोपी घालायला मात्र कधी विसरायचे नाहीत.

घरातली थट्टा गावात गेली की तिची थट्टा राहत नाही. आमच्या पारावर सोसायटीचे माजी चेअरमन बसतात. खुर्ची जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी मत विचारलं नाही तर त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी पारावर जाहीर केलं, "सिम सरकारचं हाय ना? मंग कान बी सरकारचेच. बाई आपली हाय, पर तिचा फोन आपला न्हाई. फोन बंद असला तरी ऐकतोय, ध्येनात ठिवा."

त्यातच एक योग जुळून आला. मी खालच्या गल्लीत पोरांची वजनं घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी विजेची माणसं त्या गल्लीत येऊन तारांवरचे आकडे ओढून गेली. ती दर वर्षीच येतात. पण या वर्षी त्यांच्या आधी मी येऊन गेले होते, एवढं पुरलं. संध्याकाळी गल्ली अंधारात बसली आणि अंधारात बसलेल्या प्रत्येकाला माझ्या फोनची आठवण आली.

पुढच्या खेपेला पहिल्याच घरात एका सासूनं माझ्यासमोर स्टीलचा डबा धरला. आत शेंगदाण्याचं कूट चिकटलेलं होतं.

"ताई, फोन जरा ह्याच्यात ठिवा."

"कावून?"

"चेअरमन म्हणले, स्टीलातून ऐकू जात न्हाई."

मी पुष्कळ समजावलं. फोन काही ऐकत नाही, ऐकलं तरी तुमच्या वरणात किती मीठ पडलं यात सरकारला काय रस, सगळं सांगून झालं. सासूनं डबा तसाच धरून ठेवला. शेवटी मी फोन आत टाकला, तिनं झाकण दाबून लावलं आणि डबा आत चुलीच्या खोलीत नेऊन ठेवला. मग बाहेर येऊन मोकळा श्वास घेतला आणि म्हणाली, "हां, आता बोला."

महिनाभरात ती गावाची रीतच झाली. चप्पल उंबऱ्याबाहेर आणि फोन डब्यात. वजन, उंची आणि आहाराच्या पाकिटासाठी आईच्या तोंडाचा फोटो एवढं उरकलं की डबा पुढं यायचा. कुणी पिठाच्या डब्यात ठेवायचं, कुणी ज्वारीच्या कोठीत, एका घरी तर रिकाम्या घागरीत सोडून वर ताट झाकलं. फोन घरी आणला की त्याला कुठं पीठ, कुठं तिखट. मला राग यायचा. माझा एवढा जपलेला फोन! पण एक खरं सांगते, डबा आत गेला की बायका बोलायला लागायच्या. नवऱ्याचं पिणं, सासूचा जाच, अंगावरून जाणं, आधी ज्या गोष्टी माझ्यापुढं कधी निघाल्या नव्हत्या त्या निघायला लागल्या. त्यामुळं मी भांडण सोडून दिलं आणि कुणी मागायच्या आधी स्वतःच फोन काढून द्यायला लागले.

गावाबाहेर मेंढपाळांची थोडी घरं आहेत. दिवाळी झाली की ही मंडळी मेंढरं, घोडी आणि लहान पोरं घेऊन बाहेर पडतात, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवत बसवत लांब जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. त्यांतल्या एका घरचं शेंडेफळ माझ्या अंगणवाडीच्या वयाचं होतं, म्हणून माझं जाणं-येणं होतं. घरात त्याचे आईबाप, नीट न दिसणारी आजी, बापाचा थोरला भाऊ आणि दहावीतली एक मुलगी. ही मुलगी माझ्याच अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठी झालेली. तिचं वय मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दिवाळीच्या आधी मी त्या घरी गेले तर भिंतींना नवा चुना, दारात प्लास्टिकचं नवं पिंप, कोपऱ्यात पत्रावळींची चळत. मेंढरं घेऊन बाहेर पडणारं घर या दिवसांत सामान आवरतं, मांडत नाही. मला तिथंच वास आला. मी पोराचं वजन घेतलं, त्याच्या आईचा फोटो घेतला, फोन मुलीच्या हातातल्या डब्यात टाकला. ती डबा घेऊन आत भाकरी करायला गेली. मी थोरल्या भावाला, म्हणजे मुलीच्या चुलत्याला विचारलं, "कसला कार्यक्रम काढलाय, दादा?"

"जावळ हाय," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"ह्या बारक्याचं."

आता या बारक्याचं जावळ नारायणगडावर जाऊन काढलेलं मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या टकलासकट त्याला मी काट्यावर बसवलं होतं आणि त्याची आई हसून म्हणाली होती, "केस गेले म्हणून वजन कमी भरलं असंल." मी आईकडं बघितलं. तिनं पोराची चड्डी नीट करायला घेतली.

"ह्याचं तर गडावर झालंय की."

चुलत्यानं मला नीट निरखलं. मग आतल्या खोलीकडं मान करून विचारलं, "फोन डब्यात हाय ना गं?" आतून "हाय" असा आवाज आला. "मंग सांगतो. पोरीचं कुंकू लावायचंय. निस्तं कुंकू."

निस्तं कुंकू म्हणजे काय, ते आमच्या भागात कुणाला उकलून सांगावं लागत नाही. पाहुणे सकाळी कुंकवाला म्हणून जमतात, नारळ आणि साडी होते, आणि जेवणाच्या पंगती बसायच्या आत अक्षता पडलेल्या असतात. पत्रिका नाही, बँड नाही. कुणी विचारायला आलंच तर साखरपुडा होता म्हणून सांगायचं.

"दादा, तिला अठरा पूर्ण नाहीत. यंदा दहावीची परीक्षा आहे."

"आमी सगळे जाणार मेंढरामागं. म्हातारीला दिसत न्हाई. तरण्या पोरीला कुणाच्या भरवशावर ठिवायचं?"

"वसतिगृहात ठेवा. मी येते सोबत बोलायला."

"तुमचं पुस्तकातलं ऱ्हाऊ द्या, ताई."

मुलीचा बाप दोरी वळत बसला होता. तो भावापुढं कधी बोलत नाही. मी त्याच्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही तरी काही बोला." त्यानं दोरीला आणखी एक पीळ दिला. मला असा संताप आला की मी उभीच राहिले. "मी तोंडावर सांगून जाते. हे मी वर कळवणार."

चुलता मोठ्यानं हसला. "कळवा की. पर कशावर कळवताय? तुमचा फोन तर आमच्या डब्यात हाय."

मुलगी डबा घेऊन बाहेर आली. तिनं फोन ओढणीला पुसला आणि माझ्या हातात दिला. नजर खालीच. फोन गरम लागला. चुलीजवळ ठेवला असेल, असं म्हणून मी तो पिशवीत टाकला आणि वाटेला लागले.

ओढ्यापर्यंत आले तोवर तो वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "नमस्कार, थोडं बोलू शकता का?" गोड आवाज आला की मी सावध होते. आमच्या गावात असाच एक गोड आवाज बँकेतून बोलतोय म्हणाला होता आणि एका मास्तरांचं खातं धुऊन घेऊन गेला होता.

"ओटीपी मिळणार नाही," मी म्हणाले.

"ताई, ओटीपी नकोय. या नंबरवरून आत्ता एका मुलीचा फोन आला होता. लहान मुलांच्या मदतीसाठी जी हेल्पलाइन आहे, तिथून बोलतेय. बोलणं अर्धवट राहिलं."

"माझ्या फोनवरून कुणी फोन केलेला नाही."

"ती म्हणाली, फोन अंगणवाडीच्या ताईंचा आहे, डब्यातून काढलाय, लगेच परत ठेवायचाय. लग्नाची तारीख सांगितली, मुलाचं गाव सांगितलं. स्वतःचं गाव सांगायच्या आधी फोन बंद झाला."

मी ओढ्याच्या काठावर दगडावर बसले. आम्ही बाहेर तिच्या वयावरून हुज्जत घालत होतो आणि ती आत, तव्यावर भाकरी टाकून, काही ऐकू जाऊ नये म्हणून झाकून ठेवलेल्या फोनवरून सगळं सांगत होती. तरीही माझा स्वभाव काही सुटेना. मी त्या बाईला म्हणाले, "तुम्ही खऱ्या कशावरून?" ती न चिडता म्हणाली, "तुमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर हेल्पलाइनचा नंबर रंगवलेला असेल. तिथून तुम्हीच लावा." मी उठून अंगणवाडीत गेले, कुलूप काढलं, भिंतीवरचा नंबर बघून लावला. तीच बाई लाइनवर आली. मग मी गाव सांगितलं, वस्ती सांगितली, वाट सांगितली आणि विचारलं, "मुलीचं नाव बाहेर येणार नाही ना?"

"आमच्याकडून नाही येणार," ती म्हणाली.

आमच्याकडून, हा शब्द मी दिवसभर चघळत राहिले.

कुंकवाच्या दिवशी पाहुण्यांच्या जीपगाड्या लागल्या आणि त्यांच्या मागोमाग जिल्ह्याच्या एक मॅडम, ग्रामसेवक आणि पोलीस आले. मलाही बोलावणं आलं, वयाची नोंद अंगणवाडीत होती म्हणून. मुलगी हळदीच्या अंगानं आजीच्या आड उभी होती. तिच्याकडं मी एकदाही बघितलं नाही, बघायची भीतीच वाटत होती. चुलता निस्तं कुंकू, निस्तं कुंकू करत राहिला. मुलाकडची माणसं त्याच्यावरच उखडली. अठराच्या आत लग्न करणार नाही असं बापाकडून लिहून घेतलं. स्वयंपाक झालाच होता, तेव्हा पाहुणे जेवले आणि गेले. सगळं निभावलं म्हणेपर्यंत त्या मॅडम गाडीत बसता बसता चुलत्याला बोलून गेल्या, "आम्हाला तारीख आधीच कळली होती, मुलाचं गावसुद्धा." मी चटकन चुलत्याच्या तोंडाकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी पोरं खिचडीला बसली होती आणि चुलता दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागं मुलीचा बाप.

"ताई, तुमी सांगून गेलता, कळवणार म्हणून. मर्दासारखं सांगून गेलता, मान्य हाय," चुलता म्हणाला. आवाज अगदी शांत होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "पर तारीख आमी तुमाला सांगितली न्हवती. पोराचं गाव बी न्हाई. मंग ते तुमाला कसं कळलं?"

मी खिचडीचा डाव हातात घेऊन उभी होते.

"का घरातल्याच कुणी सांगितलं?" तो म्हणाला. "तेवढंच कळू द्या. पुढचं मी बघतो."

पुढचं तो काय बघणार होता, ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्या घरात तारीख ठाऊक असलेली माणसं किती? आई पोराच्या चड्डीतून मान वर काढत नाही, आजीला फोनचं बटण दिसत नाही. राहिली एकच. माझ्याकडून एक शब्द चुकला असता तर घरी पोचल्यावर त्यानं तिला बोलायलाही वेळ दिला नसता.

गेले कित्येक महिने मी घरोघर शपथा घेत हिंडत होते, की बायांनो, हा फोन काही ऐकत नाही. आता मी डाव खाली ठेवला आणि म्हणाले, "दादा, घरातल्या कुणी नाही. मीच कळवलं. आणि तारखेचं म्हणाल तर, त्या फोनला डब्यातूनही ऐकू जातं."

चुलत्यानं माझ्या पिशवीकडं बघितलं.

"म्हंजी आमी आत-बाहेर काय काय बोललो..."

"सगळं जातं. चेअरमन म्हणत होते ते खरं आहे. मला सांगायला मनाई होती."

बाप माझ्याकडं एकटक बघत होता. चुलता एक पाऊल मागं सरकला, जणू फोन माझ्या पिशवीत नाही, माझ्या अंगातच आहे. मग त्यानं पोरांच्या देखत मला तोंडाला येईल ते सुनावलं आणि निघून गेला. मी खिचडी वाढली. अर्धी ताटाबाहेरच गेली.

पारावर त्या संध्याकाळी चेअरमनांचा सत्कारच व्हायचा बाकी होता. "मी सांगतच हुतो," एवढंच ते म्हणत होते, पण ते पन्नास तऱ्हांनी म्हणत होते. डब्यांची रीत एका दिवसात मोडली. स्टीलमधूनही ऐकू जात असेल तर डबा काय कामाचा? बाया दारातूनच सांगायला लागल्या, "ताई, फोन घरी ठिवून या." फोन घरी ठेवला तर गृहभेट अ‍ॅपवर चढत नाही. फोन नेला तर दार उघडत नाही. सुपरवायझर मॅडम ओरडल्या, "तुमच्या भेटी दिसतच नाहीत, ताई, करता काय दिवसभर?" त्यांना काय सांगणार होते? अंगणवाडीत पोरं यायची ती निम्म्यावर आली. ज्या बायांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडून घेतलं होतं, त्या रस्त्यात भेटल्या की पदर तोंडाशी धरायला लागल्या.

मालकांना पटलं नव्हतं. ते एकदा जेवताना म्हणाले, "डब्यातून ऐकू जातं, हे तू कुणाला सांगतीस? मला ठाऊक हाय तू खोटं बोलतीस. कावून अंगावर घेतलंस?"

मी आमटी वाढली. सांगावंसं फार वाटलं. पण मालक माणूस चांगले असले तरी पारावर बसतात. पारावर बसणाऱ्या माणसाला मी अशी गोष्ट सांगत नाही, मग तो कुणीही असो. त्यांनी टोपी घालून बाहेरची वाट धरली. फोनला रामराम करायचंही त्यांनी त्या दिवसांत सोडून दिलं होतं.

दिवाळी सरली. मेंढरं गेली, घोडी गेली, चुलता गेला, आईबाप गेले. मुलगी आजीपाशी राहिली. लिहून दिलेलं होतं आणि आता लगेच दुसरं स्थळ आणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून राहिली असेल, असं मला वाटलं. ती शाळेत जायची. माझ्या अंगणवाडीसमोरूनच वाट आहे. ती मान खाली घालून पलीकडच्या कडेनं जायची आणि मी दारात उभी राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघायची. आम्ही एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. मला कळलंय हे तिला कळलं होतं का, तेही मला ठाऊक नव्हतं.

एकदा नळावर मी घागर लावली तर बायांनी आपापल्या घागरी मागं ओढल्या. ती मुलगीही तिथं होती. एक बाई म्हणाली, "आली सरकारची चुगलखोर." आणि त्या मुलीनं, सगळ्यांत मोठ्या आवाजात, हात नाचवत म्हटलं, "लांब उभं ऱ्हावा गं, हिच्यापायी आमच्या घराची अब्रू गेली. असल्या बाईच्या तोंडाला तोंड द्यायचं न्हाई." आणि ती बाजूला थुंकली.

मला राग आला. लई राग आला, लपवून काय करू? एक क्षण वाटलं, तिचा दंड धरावा आणि सगळ्यांच्या देखत विचारावं, की कुणाच्या फोनवरून बोलली होतीस गं? मी घागर अर्धीच उचलून घरी आले आणि चुलीपुढं बसून रडले. रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. नळावर त्या चुलत्याची मेहुणी उभी होती. मुलीनं थुंकायच्या आधी तिच्याकडं एकदा बघितलं होतं. आता ते बघणं मला आठवलं. तरी मन खात राहिलं. मुद्दाम केलं असेल, की खरंच तिला माझा राग असेल? दोन्ही खरं असू शकतं. मी संशयी बाई, मला एका उत्तरावर कधी थांबताच येत नाही.

त्यानंतर एका दुपारी, पोरं झोपवायच्या वेळेला, सरकारी सिमवर फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. मी उचलला आणि नेहमीसारखी गप्प राहिले, समोरच्यानं आधी बोलावं म्हणून. मागं मेंढरं ओरडत होती.

"ताई, मी बोलतोय. पोरीचा बाप."

तो कडा गावाच्याही पुढं गेला होता. कुणाच्या तरी रानात मेंढरं बसली होती. त्याचा आवाज मी इतका सलग पहिल्यांदाच ऐकत होते.

"पोरगी शाळंत जाती का?"

"जाते."

"रोज?"

"रोज. माझ्या दारावरून जाते, मी बघते ना."

"म्हातारीला इचारलं तर ती समदं बरंच हाय म्हणती. म्हणून तुमाला लावला. जेवती का नीट?"

"जेवत असणार. नळावर मला शिव्या देण्याइतका जोर आहे तिच्या अंगात."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. मेंढरांचा आवाज लांब गेला, म्हणजे तो चालत बाजूला गेला असावा.

"ताई, एक इचारू?"

"विचारा."

"त्या दिवशी तुमीच कळवलं ना?"

माझ्या मनात लगेच आलं, याच्या शेजारी भाऊ उभा असेल. फोन स्पीकरवर असेल. मला बोलतं करायला लावला असेल. मी अंगणवाडीच्या दारातून बाहेर बघितलं, वाट रिकामी होती.

"हो दादा," मी म्हणाले. "मीच कळवलं."

फोन कटला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला.

"बरं," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "मंग असंच सांगत ऱ्हावा, ताई. कुणीबी इचारलं, कवाबी इचारलं तरी. माझ्या भावानं इचारलं तरी हेच सांगा."

तेव्हा मला कळलं, की त्याला सगळं ठाऊक आहे. अंगणवाडीच्या दारात माझ्याकडं एकटक बघत उभा होता, तेव्हाही ठाऊक होतं.

"सांगेन," मी म्हणाले.

"कवा पिऊन मीच इचारलं," तो म्हणाला, "तर मला बी हेच सांगा."